डोळ्याच्या मागून मेंदूचा अंदाज : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात अपघातात डोक्याला मार लागलेल्या कुत्र्यांबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की हल्ली आम्ही डोळ्यावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून मेंदूवरचा दाब वाढलाय का याचा अंदाज घेतो. त्या एका वाक्यावर इतके मेल आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. कुत्र्यांची नावं मात्र तशीच ठेवलीत, कारण सगळ्यांनी ती आवर्जून लिहिली होती.

प्रश्न : मॅडम, आमच्या मोतीला (गावठी आहे, चार वर्षांचा) बाईकने उडवलं. डोळ्याला काहीच झालं नव्हतं, मार डोक्याला होता, तरी दवाखान्यात डोळ्याची सोनोग्राफी केली आणि म्हणाले मेंदूवर दाब आहे. मोती आता बरा आहे, पण माझा भाऊ म्हणतो उगाच बिल वाढवायला केली. डोळ्याचा आणि मेंदूचा काय संबंध? (एक वाचक, कराड)

मोती बरा आहे हे वाचून आधी खूप बरं वाटलं. भावाला सांगा, संबंध आहे आणि अगदी जवळचा आहे.

कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. आत तीनच गोष्टी, मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. साधारण 80 टक्के जागा मेंदूची आणि उरलेली रक्त आणि पाणी यांच्यात जवळपास निम्मी निम्मी. पेटी ताणत नाही, त्यामुळे एकाने जागा जास्त घेतली की दुसऱ्याला सरकावंच लागतं. ही गोष्ट स्कॉटलंडच्या मन्रो नावाच्या डॉक्टरांनी 1783 मध्ये मांडली आणि केली नावाच्या डॉक्टरांनी 1824 मध्ये पुढे नेली, आजही आम्ही त्याच हिशोबाने विचार करतो. मार लागला, आत रक्त साकळलं किंवा सूज आली की सुरुवातीला थोडं पाणी खाली मणक्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त थोडं बाहेर जातं, आणि तोपर्यंत कुत्रा बाहेरून ठीकच दिसतो. पण ही सरकायची जागा संपली की मग थोडीशी सूजसुद्धा दाब एकदम वर नेते. "डॉक्टर, रात्री तर जेवला होता हो" असं लोक रडत सांगतात ना, ते खोटं नसतं, खरंच रात्री जेवलेला असतो. निरोगी कुत्र्यात हा दाब साधारण 5 ते 12 मिलिमीटर मर्क्युरी असतो. तो फार वाढला की हृदयाने कितीही जोर लावला तरी मेंदूपर्यंत पुरेसं रक्त पोचत नाही आणि खरं नुकसान तिथे होतं.

आता सोनोग्राफीच्या लाटा जाड हाडातून नीट आरपार जात नाहीत. पोटावर प्रोब ठेवला की लिव्हर दिसतं तसा डोक्यावर ठेवून मेंदू दिसत नाही. पण डोळा म्हणजे पाण्याने भरलेला गोळा, त्यातून लाटा मस्त जातात, आणि डोळ्याच्या मागून निघणारी जी नस आहे, जिला आपण दृष्टीची नस म्हणू, ती खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. मेंदूवरची आवरणं या नसेवरही तशीच चालू राहतात आणि मधे तेच मेंदूभोवतीचं पाणी असतं. परकराचा नेफा आणि त्यातली नाडी डोळ्यासमोर आणा. नाडी म्हणजे नस, नेफा म्हणजे तिचं आवरण. मेंदूकडून पाणी दाबाने नेफ्यात शिरलं की नाडी तेवढीच राहते पण नेफा फुगतो. ही फुगण्याची क्रिया दाब वाढल्यावर फार लवकर होते, म्हणून तेवढी जाडी मोजायची.

स्क्रीनवर काय दिसतं तेही सांगते. डोळा काळ्या गोल चेंडूसारखा, त्यात भिंगाची पांढरी कमान, आणि चेंडूच्या मागे पांढुरक्या चरबीतून मागे जाणारी एक काळपट पट्टी. त्या पट्टीच्या दोन्ही कडा स्वच्छ दिसल्या की चित्र फ्रीज करायचं आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवं माप घ्यायचं. झालं. भूल नाही, सुई नाही, दोन-चार मिनिटांचं काम, आणि जो कुत्रा अर्धवट शुद्धीत पडलाय त्याला टेबलावरून हलवायचीही गरज नाही. मोतीच्या डॉक्टरांनी बरोबरच केलं.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री साडेअकराला सोसायटीतली एक कुत्री आली होती, गाडीच्या चाकाखालून निघालेली, अंगावर धड ओरखडाही नव्हता. श्वास चालू, हाक मारली की कान हलायचा, बस. हृदयाचे ठोके फक्त 48 आणि बीपी मात्र वर. बीपी वर आणि ठोके मंद ही जोडी दिसली की आमच्या पोटात गोळा येतो, कारण मेंदूला रक्त कमी पडायला लागलं की शरीर नेमकं असं वागतं. डोळ्यावर प्रोब ठेवला तर दोन्हीकडे नेफा टम्म. लगेच मॅनिटॉल, म्हणजे मेंदूवरचा दाब उतरवणारं औषध, शिरेतून लावलं. पहाटे पाचला तिने मान उचलून वाटीतलं पाणी प्यायलं, तिला आणणारा वॉचमन तोपर्यंत बाहेर बाकावर बसूनच होता.

प्रश्न : रिपोर्टवर मिलिमीटरमध्ये आकडा लिहिलाय पण नॉर्मल किती ते लिहिलेलं नाही. नेटवर बघितलं तर 5 मिमीच्या वर म्हणजे धोका असं आहे, आमच्या ब्रूनोचा त्याच्यापेक्षा बराच कमी आहे मग दाब नाहीच ना? (ठाणे)

तो 5 चा आकडा माणसांचा आहे, ब्रूनोला लावू नका. माणसात डोळ्याच्या मागे 3 मिलिमीटरवर माप घेतात आणि 5 च्या आसपास रेघ मारतात, तीसुद्धा सगळे एकाच ठिकाणी मारत नाहीत. कुत्र्यांमध्ये तर दोन किलोची चिहुआहुआ आणि सत्तर किलोचा ग्रेट डेन दोघंही कुत्रेच, त्यामुळे निरोगी असतानाही आवरणाची जाडी वजनाप्रमाणे कमी-जास्त असते. सगळ्या कुत्र्यांना चालेल असा एक आकडा नाही. रिपोर्टवर नॉर्मल लिहिलेलं नाही म्हणजे डॉक्टर प्रामाणिक आहेत असं समजा.

शिवाय इथे सगळा खेळ मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो. प्रोब जरा तिरका धरला, कडा अंदाजाने पकडली की तेवढा फरक असाच पडतो. म्हणून मी प्रत्येक डोळ्याची तीन मापं घेते आणि सरासरी लिहिते. आणि पहिल्या मापापेक्षा मला दुसरं माप जास्त बोलकं वाटतं. आल्या आल्या एक, मग काही तासांनी त्याच हाताने, त्याच मशीनवर, त्याच ठिकाणी परत. वाढतंय का, हा प्रश्न विचारायचा. फक्त कधी कधी आतला दाब उतरला तरी आवरण लगेच आकसत नाही हे लक्षात ठेवावं लागतं.

आणि माप चांगलं आलं म्हणून मी कधीच निर्धास्त होत नाही. एका बॉक्सरचं माप मला अगदी ठीक वाटलं होतं, पण तासाभरात त्याची एक बाहुली मोठी आणि एक लहान झाली, हाक ऐकेनासा झाला. तेव्हा मी मापाकडे बघत बसले नाही, औषध सुरू केलं. माणसाची शुद्ध किती आहे ते मार्कांनी मोजतात त्या ग्लासगो कोमा स्केलचा कुत्र्यांसाठी एक बदललेला तक्ता आहे, हालचाल, डोळ्यांच्या प्रतिक्रिया आणि शुद्ध अशा तीन गोष्टींना 1 ते 6 मार्क, एकूण 3 ते 18. टॉर्च, दोन हात आणि हा तक्ता, याला काही खर्च नाही आणि तो तासातासाने भरता येतो. सोनोग्राफी त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. ब्रूनोच्या डॉक्टरांना त्याचा स्कोअर विचारा, आकड्यापेक्षा ते उत्तर जास्त कामाचं आहे.

प्रश्न : आमच्या लॅब्राडोर कुत्रीला (वय 9) दोन महिन्यांत तीन वेळा फिट आली, आता भिंतीला डोकं टेकवून उभी राहते, घरात गोल गोल फिरते. इथले डॉक्टर म्हणतात एमआरआय लागेल, पण त्यासाठी मुंबई किंवा पुण्याला न्यावं लागेल आणि खर्चही खूप. डोळ्याच्या सोनोग्राफीवर भागणार नाही का? (अकोला)

ताई, तुमची घालमेल समजतेय, पण नाही भागणार. सोनोग्राफी फार तर इतकं सांगेल की आत दाब वाढलेला असावा. का वाढलाय ते सांगणार नाही. नऊ वर्षांच्या कुत्रीत ही लक्षणं असतील तर गाठ आहे का, सूज आहे का, हे एमआरआयच दाखवतो. आणि निघण्याआधी एक करा, रक्ताची तपासणी, त्यात लिव्हर आणि साखर नक्की. लिव्हर बिघडलं की रक्तातल्या अमोनियामुळेही कुत्रे भिंतीला डोकं लावून उभे राहतात, फिट येते, आणि तो आजार रक्तात सापडतो, त्यासाठी पुण्याला जायला लागत नाही.

सोनोग्राफीचा उपयोग तुमच्या बाबतीत वेगळा आहे. एमआरआयला पूर्ण भूल लागते. भुलेत श्वास उथळ झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आधीच वाढलेला दाब आणखी वर जातो. त्यामुळे आधी डोळ्यातून बघून दाब जास्त वाटला तर भूल देणारे डॉक्टर तयारीने उतरतात, श्वास मशीनवर घेतात, औषध आधी देतात. तसंच मानेतून मेंदूचं पाणी काढून तपासायचा विचार असेल तर दाब खूप असताना ते करणं जिवावर बेतू शकतं, पाणी काढलं की वरचा मेंदू खाली सरकून मानेच्या तोंडाशी अडकतो. तिकडे नेलंत तर हा प्रश्न तुम्हीच विचारा की भूल द्यायच्या आधी दाबाचा अंदाज घेतलाय का.

प्रश्न : आमच्या पगच्या डोळ्याचं प्रेशर मशीनने मोजलं, 38 आलं. म्हणजे मेंदूवर प्रेशर आहे का? (पणजी)

नाही, ही वेगळी गोष्ट. ते डोळ्याच्या आतलं प्रेशर, काचबिंदूचं. मेंदूच्या दाबाशी त्याचा थेट संबंध नाही. पण 38 हे डोळ्यासाठी खूप जास्त आहे, कुत्र्यात 25 च्या वर गेलं की आम्ही सावध होतो. थेंब आजच सुरू करा, उद्यावर टाकू नका, काचबिंदूत नजर जायला दिवस पुरतो.

प्रश्न : तीन महिन्यांचं टॉय पॉम घेतलंय. डोक्यावर मधोमध मऊ खड्डा लागतो. डॉक्टरांनी त्यातूनच सोनोग्राफी केली आणि म्हणाले आत पाणी थोडं जास्त आहे. पिल्लू खेळतंय, खातंय. आम्ही घाबरून झोपलो नाही. (नाशिक)

झोपा आधी. बाळाची टाळू भरलेली नसते ना, तेच हे. पॉम, चिहुआहुआ अशा छोट्या जातींत पुष्कळ पिल्लांची टाळू उशिरा भरते, काहींची कधीच भरत नाही आणि तरी ती छान जगतात. हाड नसल्यामुळे ती जागा सोनोग्राफीसाठी आयती खिडकी असते, तिथून मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या सरळ दिसतात. पण या जातींत पोकळ्या थोड्या मोठ्या असणं खूप दिसतं आणि पोकळी किती मोठी यावरून पिल्लू किती आजारी हे ठरत नाही. पिल्लूच बघायचं असतं. शी-शूची जागा शिकतंय का, हाकेला येतंय का, डोकं घुमटासारखं वाढतंय का, डोळे खाली आणि बाहेर वळलेत का, एकाच बाजूला गोल फिरतंय का. यातलं काही दिसलं किंवा फिट आली तर लगेच न्या. नाहीतर महिन्याने परत सोनोग्राफी करून तुलना करा, आणि तोवर घरातल्या लहान मुलांना टाळूवर बोट लावू देऊ नका. गळ्याला पट्टा बांधू नका, हार्नेस वापरा.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो, नवीन मशीन घेतलंय, लिनिअर प्रोब आहे. डोळ्याचं माप मलाही घ्यायचंय पण शिकवायला कोणी नाही. काय सांभाळू? (एक पशुवैद्यक, सोलापूर जिल्हा)

सर, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आधी निरोगी कुत्र्यांवर हात बसवा. लसीला आलेल्या शांत कुत्र्यांवर, मालकाला विचारून, वेगवेगळ्या वजनाच्या कुत्र्यांची मापं घेऊन वहीत लिहून ठेवा. तुमची स्वतःची वही हाच तुमचा पहिला नॉर्मल. जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लागतो, 7.5 मेगाहर्ट्झच्या खाली कडा नीट उमटत नाहीत. पापणी मिटवून वर भरपूर जेल, किंवा बधिर करणारा थेंब टाकून निर्जंतुक जेल थेट डोळ्यावर. जेल इतकं हवं की प्रोब जेलवर तरंगला पाहिजे, डोळ्यावर टेकायला नको. याचं कारण फक्त दुखणं नाही. डोळा दाबला की व्हेगस नसेमुळे ठोके मंदावतात, आणि आपण तर मंद ठोक्यांवरूनच मेंदूचा दाब ओळखतोय, म्हणजे आपल्याच हाताने आपली फसवणूक. बुबुळावर खोल जखम किंवा डोळा फुटल्याचा संशय असेल तर प्रोब लावूच नका.

मशीन डोळ्याच्या सेटिंगवर घ्या. अमेरिकेच्या एफडीएने डोळ्यासाठी मेकॅनिकल इंडेक्सची (लाटांच्या जोराचा स्क्रीनवरचा आकडा) मर्यादा 0.23 ठेवलीय, पोटाच्या सेटिंगमध्ये मशीन त्याच्या बरंच वर जातं. डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी मशीनची सोय, डोळ्यावर चालवत बसू नका, चित्र मिळालं की फ्रीज. डोळ्याच्या मागे किती अंतरावर माप घ्यायचं ते एकदा ठरवा आणि मग कधीही बदलू नका. पट्टीच्या बाजूला भिंगाची काळी सावली पडते, नवीन असताना तीच नस वाटते, मीही फसलेय. प्रोब किंचित डावी-उजवीकडे झुकवा, सावली हलते, खरी नस जागच्या जागी राहते.

पुढे हात बसला की मानेच्या मागून, कवटीच्या खालच्या मोठ्या छिद्रातून मेंदूच्या तळाची रक्तवाहिनी डॉपलरवर शोधता येते. दाब वाढला की हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह आधी कमी होतो, त्यामुळे रेझिस्टिव्ह इंडेक्स, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा, वर जातो. पण त्यासाठी मान खाली वाकवावी लागते, आणि मार लागलेल्या कुत्र्याची मान वाकवणं मला पटत नाही, मणक्याचा एक्स-रे झाल्याशिवाय तर अजिबातच नाही. म्हणून अपघाताच्या केसमध्ये मी डोळ्यावरच थांबते.

एक छोटी गोष्ट. 20 टक्के मॅनिटॉलची बाटली थंडीत बाहेर राहिली की तळाला साखरेच्या खड्यांसारखे स्फटिक जमतात. डिसेंबरच्या रात्री इमर्जन्सी आली आणि बाटली अशी निघाली तर हात थरथरतात, म्हणून हिवाळ्यात रोज संध्याकाळी बाटली उजेडात धरून बघा. खडे असले तर गरम पाण्यात ठेवून पूर्ण विरघळवा, कोमट होऊ द्या आणि फिल्टर लावूनच द्या. डोस तुम्हाला माहीतच आहे, किलोला अर्धा ते एक ग्रॅम, पंधरा-वीस मिनिटांत. बीपी पडलेलं असेल तर आधी ते सावरा, तिथे हायपरटॉनिक, म्हणजे जास्त मिठाचं, सलाईन जास्त बरं. आणि रक्त गळ्याच्या शिरेतून काढू नका, तिथे बोट दाबलं की मेंदूतून परत येणारं रक्त अडतं आणि दाब त्याच क्षणी वाढतो. पायातून काढा.

प्रश्न : आमच्या शेरूला डोक्याला मार लागल्यावर लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. तुम्ही मागच्या अंकात देऊ नये लिहिलंत. मग चूक झाली का? (सांगली)

पूर्वी सगळेच द्यायचे, कॉलेजात आम्हालाही तसंच शिकवलं होतं. 2004 मध्ये माणसांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, डोक्याला मार लागलेले 10,008 रुग्ण त्यात होते, आणि स्टिरॉइड दिलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. तेव्हापासून डोक्याच्या मारात ते देऊ नये असंच आम्ही धरतो. मेंदूतल्या गाठीभोवतीच्या सुजेला मात्र तेच औषध चांगलं लागू पडतं, म्हणून सरसकट वाईट असंही नाही. शेरूला एका इंजेक्शनने काही झालं नसेल तर तो विचार आता सोडून द्या, पुढच्या वेळी फक्त शांतपणे विचारा की मॅनिटॉल किंवा हायपरटॉनिक सलाईन चालेल का.

प्रश्न : आमच्या गावापासून दवाखाना दीड तासावर. गाडीत घालून नेईपर्यंत आम्ही काय करायचं? (अनेक वाचक)

फळी, दार, पाट, जे सपाट मिळेल त्यावर कुत्र्याला सरकवा, उचलून मान लोंबकळू देऊ नका. मग फळीच डोक्याकडून जरा उंच करा, खाली घडी केलेलं पोतं किंवा चादर घाला, साधारण 30 अंशांपर्यंत. फक्त डोक्याखाली उशी घालू नका, त्याने मान वाकते आणि गळ्याच्या शिरा दबतात. पट्टा, साखळी काढा. चावेल अशी भीती असेल तर अंगावर टॉवेल टाका, तोंड करकचून बांधू नका, त्याला उलटी होऊ शकते. पाणी, दूध, हळद काहीही तोंडात ओतू नका, गिळता येत नसेल तर फुप्फुसात जाईल. घरातल्या पेनकिलर तर अजिबात नकोत, आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखं आहे. निघतानाच दवाखान्यात फोन करा म्हणजे ऑक्सिजन आणि औषध तयार राहील.

वाटेत एकाने मागे बसून दर दहा मिनिटांनी मोबाईलच्या टॉर्चने दोन्ही बाहुल्या बघायच्या, सारख्या आहेत का, उजेडाने लहान होतायत का, आणि नावाने हाक मारून कान हलतो का तेही. जे दिसेल ते वेळेसकट मोबाईलमध्ये टाईप करत जा. आणि मार नेमका किती वाजता लागला ते हातावर पेनाने लिहून ठेवा, दवाखान्यात सगळ्यात आधी मी तेच विचारते आणि त्या गडबडीत नेमकं तेच कुणाला आठवत नाही.